मोठ्या नेटवर्कचं चित्र कसं मांडावं: ओळींचा क्रम जमिनीवरून

पुण्यात आणि आसपास हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, शिवाजीनगर आणि चाकण अशा पाच ठिकाणी पसरलेलं एखाद्या कंपनीचं नेटवर्क डोळ्यांसमोर आणा. समजा ४०० स्विच (यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या) आहेत, प्रत्येकी ४८ पोर्ट (तार लावायच्या खाचा), म्हणजे एकूण १९,२०० पोर्ट. प्रत्येक पोर्टाचा एक ग्राफ काढला आणि एकेका ग्राफकडे फक्त दोन सेकंद पाहिलं, तरी एक फेरी पुरी व्हायला साडेदहा तासांवर वेळ जातो. आठ तासांची एक अख्खी शिफ्ट संपून दुसरीचा एक तृतीयांश भाग सरतो, तोवर पहिल्या स्विचचं काय झालं हे कुणालाच ठाऊक नसतं.

आता पडद्याचा हिशेब करू. १९२० बाय १०८० च्या साध्या मॉनिटरवर २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात. ते १९,२०० पोर्टांत वाटले तर प्रत्येकाला १०८ मिळतात, म्हणजे १० बाय १० चा एक चौकोन सहज बसतो. जागा मुबलक आहे. जागा खातात त्या रेघा, अक्ष आणि प्रत्येक ग्राफभोवतीची चौकट. रंगाचा चौकोन तेवढी जागा मागत नाही. म्हणून मोठ्या नेटवर्कसाठी पहिला पडदा रंगीत चौकोनांचाच करावा. तो उपयोगी ठरणार की नुसताच दिसायला छान, हे चौकोनांच्या क्रमावर ठरतं. स्विचच्या नावानुसार किंवा आयपी पत्त्यानुसार रांग लावली की बिघाड पडदाभर विखुरतो. जमिनीवर जो क्रम आहे तो पडद्यावर आणला की तोच बिघाड एका पट्ट्यात गोळा होतो. या लेखातलं बरंचसं त्या पट्ट्यासाठीच आहे.

साधनं इथे प्रोमिथियस (आकडे साठवणारा), एसएनएमपी एक्स्पोर्टर (एसएनएमपी या पद्धतीने स्विचला आकडे विचारून आणणारा) आणि ग्राफाना (चित्र काढणारा) अशी धरली आहेत. झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस वापरत असाल तर बटणं वेगळी असतील, काम तेच.

आधी आकडे नीट गोळा करा

चित्रातल्या निम्म्या चुका चित्रात नसतातच, त्या काउंटरमध्ये, म्हणजे स्विचमधल्या वाढत जाणाऱ्या आकड्यांत असतात. पोर्टावरून किती बाइट आले हे सांगणारा जुना काउंटर, इफइनऑक्टेट्स, ३२ बिटांचा आहे. तो ४,२९,४९,६७,२९५ वर पोचला की पुन्हा शून्यावर येतो. १०० मेगाबिटच्या लिंकवर याला पावणेसहा मिनिटं लागायची, त्यामुळे पाच मिनिटांच्या पोलिंगला (ठरावीक वेळाने आकडे विचारण्याला) तो पुरत असे. १ गिगाबिटची लिंक भरून वाहत असेल तर तो ३४ सेकंदांत फिरतो आणि १० गिगाबिटवर साडेतीन सेकंदांच्या आत. दोन पोलिंगच्या मध्ये काउंटर किती वेळा फिरला हे कळायला मार्ग नसतो. परिणामी सगळ्यात जास्त भरलेली लिंक ग्राफवर निवांत दिसते. म्हणून ६४ बिटांचा इफएचसीइनऑक्टेट्सच घ्या. तो एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळत नाही, दुसरी किंवा तिसरी लागते. शक्य तिथे तिसरीच लावा, ओळख आणि एन्क्रिप्शन दोन्हींसह. दुसऱ्या आवृत्तीतली कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) तारेवरून उघडी जाते.

लिंकचा वेग वाचतानाही हीच काळजी घ्यायची. इफस्पीड ३२ बिटांचा असल्याने १० गिगाबिटची लिंक त्याला साधारण ४.३ गिगाबिटची वाटते, आणि ४५ टक्के वापर शंभराच्या वर गेलेला दिसतो. इफहायस्पीड वापरा. तो मेगाबिटमध्ये येतो, म्हणून दहा लाखांनी गुणायचं. ऑक्टेट म्हणजे बाइट, त्यांना ८ ने गुणायचं. हा ८ विसरल्यामुळे महिनोन् महिने आठपट कमी वापर दाखवणारे डॅशबोर्ड चालू राहतात, कारण कमी आकडा पाहून कुणी तक्रार करत नाही.

ॲक्सेस पोर्टांना (वापरकर्त्यांची यंत्रं जोडलेल्या) ६० सेकंदांनी विचारलं तरी चालतं. अपलिंक (स्विचला वरच्या स्विचशी जोडणारी लिंक) आणि कोअरच्या (मध्यवर्ती स्विचच्या) लिंकना मात्र १५ सेकंदांनी विचारा. त्यासाठी एक्स्पोर्टरमध्ये वेगळा मॉड्यूल बनवा आणि फक्त त्या इंटरफेसपुरतं फिल्टर लावा. संपूर्ण तक्ता दर १५ सेकंदांनी मागितला तर मोठ्या चेसिस स्विचचा सीपीयू त्यातच अडकतो आणि उत्तर वेळेत येत नाही. प्रोमिथियस मूळ मांडणीत १० सेकंदच थांबतो. अकराव्या सेकंदाला आलेलं उत्तर वाया जातं आणि ग्राफला भोकं पडतात. भोकं नेमकी सगळ्यात मोठ्या स्विचवरच दिसली, तर लिंकवर संशय घेण्याआधी त्या स्विचला उत्तर द्यायला किती सेकंद लागतात ते बघा. उलट टोकाला, पाच सेकंदांनी विचारण्याचाही मोह आवरा. अनेक स्विचांत काउंटर स्वतःच काही सेकंदांनी एकदा ताजे होतात. त्याहून घाईने विचारलं की ग्राफ करवतीच्या दात्यांसारखा दिसतो.

दर काढताना खिडकी (जेवढ्या काळाच्या नोंदींवरून दर काढायचा तो काळ) पोलिंगच्या चौपट ठेवा: १५ सेकंदांना एक मिनिट, ६० सेकंदांना चार मिनिटं. एखादं उत्तर हुकलं तरी दर निघतो.

साठवणीचा हिशेबही आधीच करून ठेवा. १९,२०० पोर्ट आणि प्रत्येकी आठ मोजमापं (येणारं-जाणारं, दोन्हीकडचे एरर, दोन्हीकडचे डिस्कार्ड, स्थिती, वेग) म्हणजे १,५३,६०० मालिका. दर मिनिटाला एक नोंद धरली तर दिवसाला सुमारे २२ कोटी नोंदी. नोंदीमागे दोन बाइट धरले तर रोज ४४० मेगाबाइट आणि वर्षाला १६० जीबीच्या आसपास. साध्या एसएसडीवर मावेल एवढंच हे आहे. पण प्रोमिथियस मूळ मांडणीत १५ दिवसांनंतरची माहिती टाकून देतो, आणि पुढे ज्या तुलना करायच्या आहेत त्यांना किमान पाच आठवडे लागतात. ही मर्यादा पहिल्याच दिवशी वाढवून ठेवा.

पोर्टाला नाव द्या, जागेसकट

स्विच प्रत्येक पोर्टाला आतून एक क्रमांक देतो, इफइंडेक्स. रीबूटनंतर किंवा नवीन मॉड्यूल घातल्यावर हा क्रमांक बदलू शकतो. मग कालपर्यंत खराडीच्या लिंकचा असलेला ग्राफ आज प्रिंटरच्या पोर्टाचा होतो, आणि पडद्यावर कुठेही चूक दिसत नाही. ग्राफ नेहमी इफनेमवर बांधा आणि स्विचवर क्रमांक कायम ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करा.

जागेची माहिती ठेवायला सगळ्यात योग्य जागा म्हणजे खुद्द पोर्टाचं वर्णन, जे एसएनएमपीमध्ये इफएलियस म्हणून येतं. ६४ अक्षरं मिळतात. साचा एकच ठेवा: क्रम, ठिकाण, इमारत, मजला, डक्ट (फायबर ज्यातून जाते ती जमिनीखालची नळी), सेवा देणारी कंपनी. हे इंग्रजी अक्षरांतच लिहा, कारण बरेच स्विच देवनागरी घेत नाहीत. प्रोमिथियसमध्ये रीलेबलिंगचा नियम लावून या वर्णनाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याचं वेगळं लेबल करा. केबल एका पोर्टावरून दुसऱ्यावर हलवणारा माणूस वर्णनही बदलेल, एवढी एक शिस्त पाळली की वेगळ्या एक्सेल फाइलची गरज उरत नाही. ती फाइल तशीही कधी ताजी नसते.

क्रमाचा आकडा दहा-दहाच्या अंतराने द्या: ०१०, ०२०, ०३०. उद्या मध्ये नवी लिंक आली तर ०१५ ला जागा असते. पुढचं शून्य सोडू नका. लेबल हा मजकूर असतो, आणि मजकुराच्या रांगेत ९० हा १०० नंतर येतो.

क्रम ठरवताना इमारतींच्या नकाशाबरोबर फायबरचा मार्ग हातात घ्या. एकाच डक्टमधून जाणाऱ्या दोन लिंक पडद्यावर शेजारी आल्या पाहिजेत, मग त्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या का असेनात. पुण्यात मेट्रोसाठी, ड्रेनेजसाठी, चोवीस तास पाण्याच्या जलवाहिनीसाठी रस्ते सतत खोदले जातात. मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही लिंकचं भाडं भरायचं आणि दोन्ही फायबर एकाच खड्ड्यातून गेलेल्या असायच्या, हे फार सर्रास होतं. कंपनीकडून मार्गाची केएमएल फाइल (नकाशावर उघडणारी) मागा. मिळाली नाही तर गेल्या वर्षभरात दोन्ही लिंक एकाच मिनिटात किती वेळा पडल्या ते काढा. असं दोनदा झालं असेल तर डक्ट एकच आहे असं धरून चाला आणि त्या दोन ओळी शेजारी ठेवा.

पहिला पडदा बांधायचा तो असा

एक ओळ म्हणजे एक अपलिंक, एक रकाना म्हणजे पाच मिनिटं. दिवसाचे २८८ रकाने होतात. प्रत्येकी ४ पिक्सेल दिले तर रुंदी ११५२. ओळीला ८ पिक्सेल उंची दिली तर १२० अपलिंक ९६० पिक्सेलमध्ये बसतात. एका मॉनिटरवर १२० लिंकचा पूर्ण दिवस मावतो आणि बाजूला नावांसाठी जागाही उरते. ८ पिक्सेलच्या ओळीला वाचता येईल असं नाव लिहिता येत नाही, म्हणून नाव फक्त गटाला द्या: ‘हिंजवडी, इमारत २’. एकेका लिंकचं नाव माउस नेल्यावर दिसलं तरी पुरतं.

ग्राफानामध्ये यासाठी ‘स्टेटस हिस्टरी’ हा पॅनेल घ्यायचा. नावावरून लोक ‘हीटमॅप’ निवडतात आणि गोंधळतात. तो पॅनेल किती मोजमापं कुठल्या पट्टीत पडली हे दाखवतो, लिंकमागे एक ओळ देत नाही. क्वेरीत क्रम आणि नाव एवढी दोनच लेबलं ठेवा. किमान अंतर पाच मिनिटं करा, नाहीतर बिंदू फार झाले म्हणून पॅनेल चित्र काढायला नकार देतो.

पाच मिनिटांच्या चौकोनात सरासरी भरू नका. एक उदाहरण घ्या. लिंक दहा सेकंद १०० टक्के भरली आणि उरलेले २९० सेकंद ५ टक्क्यांवर होती. सरासरी येते ८.२ टक्के. त्या दहा सेकंदांत फोनवरचा आवाज तुटला, रिमोट डेस्कटॉप गोठला, आणि चित्र मात्र सगळं आलबेल सांगत राहतं. आधी दर १५ सेकंदांनी वापराची टक्केवारी काढणारा रेकॉर्डिंग रूल (हिशेब आधीच करून साठवणारा प्रोमिथियसचा नियम) लिहा आणि चौकोनात त्या पाच मिनिटांतलं कमाल मूल्य भरा. एका मिनिटाच्या खिडकीमुळे शिखर थोडं बुजतंच, पण २१ टक्क्यांच्या आसपास तरी दिसतं. त्याहूनही बारीक झटके पकडायला वापराच्या ओळीखाली आउट-डिस्कार्डची ओळ ठेवा. रांग भरून पॅकेट टाकून दिलं की हा काउंटर वाढतो, मग झटका एका सेकंदाचा असो की शंभराव्या भागाचा. वापर ३० टक्के आणि डिस्कार्ड सतत वाढते, ही जोडी दिसली तर लिंकवर सूक्ष्म झटके आहेत हे नक्की धरा.

रंगांबद्दल आमचं मत ठाम आहे. वापरासाठी हिरवा-पिवळा-लाल वापरू नका. पुरुषांमध्ये लाल-हिरवा वेगळा न दिसणारे लोक मोठ्या संख्येने असतात, आणि शिफ्टमध्ये त्यांपैकी कुणीतरी असतंच. फिकटाकडून गडदकडे जाणारी एकच छटा घ्या. पायऱ्या ०, २०, ४०, ६०, ७५ आणि ९० टक्के अशा ठेवा. वरच्या टोकाला पायऱ्या दाट हव्यात, कारण १० आणि २० मधल्या फरकाने कुणाचं काही बिघडत नाही, ८० आणि ९५ मधल्या फरकाने बिघडतं. लाल रंग एकाच कामासाठी राखून ठेवा: कुणीतरी आत्ता खुर्चीतून उठायला हवं.

शून्य, उत्तर नाही आणि मुद्दाम बंद केलेला पोर्ट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्याला सगळ्यात फिकट छटा द्या, उत्तर न आल्यास करडा रंग. प्रशासकाने बंद ठेवलेले पोर्ट इफॲडमिनस्टेटसवरून ओळखून चित्रातून गाळून टाका. रेघांच्या ग्राफमध्ये हाच धोका वेगळ्या रूपात येतो. ‘कनेक्ट नल व्हॅल्यूज’ कायम चालू असेल तर चाळीस मिनिटं मेलेल्या लिंकवर एक सरळ, शांत रेघ ओढली जाते. तो पर्याय बंदच ठेवा.

पट्टे वाचायला शिका

एकच आडवी गडद ओळ म्हणजे ती लिंक दिवसभर भरलेली आहे. क्षमता वाढवा किंवा कोण वापरतंय ते शोधा.

वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळींतून जाणारा उभा पट्टा दोन प्रकारचा असतो. गडद असेल तर सगळीकडे एकदम काहीतरी उतरतंय. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहाला येतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात, त्यामुळे पुण्यात त्याचा भार बुधवारी सकाळी ऑफिस भरताना दिसतो. पट्टा करडा असेल तर मात्र आधी स्वतःच्या मॉनिटरिंग सर्व्हरकडे बघा. सर्व्हर हिंजवडीत आणि हिंजवडीचीच लिंक तुटली, तर पडद्याला सगळं जग मेलेलं वाटतं. दुसरा छोटा प्रोब (तपासणारं मशीन) खराडीत ठेवा. ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर (बाहेरून पिंग करून बघणारा) चालवायला अगदी साधं मशीन पुरतं. दोघांनाही जे करडं दिसतं तेच खरं करडं.

शेजारच्या सात-आठ ओळींतच करडा पट्टा आला तर ती एक इमारत, एक डक्ट किंवा एक वीजवाहिनी. क्रम जमिनीवरून लावण्याचं फळ इथे मिळतं. नावानुसार रांग असती तर या आठ ओळी १२० मध्ये विखुरल्या असत्या आणि आठ वेगळी तिकिटं निघाली असती.

सगळ्यात बोलका पट्टा जिन्यासारखा उतरणारा असतो. पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या देखभालीचा वार. समजा सकाळी दहाला एखाद्या इमारतीची लाइट गेली आणि जनरेटरने भार उचलला नाही. दहा वाजता पडद्यावर काहीच बदलत नाही, कारण प्रत्येक मजल्याच्या रॅकमध्ये यूपीएस आहे. १०:२० ला चौथ्या मजल्याची ओळ करडी होते, १०:३५ ला दुसऱ्याची, १०:५० ला तळमजल्याची. ओळी मजल्यांच्या क्रमाने असतील तर कुठल्या मजल्याची बॅटरी किती मिनिटं टिकली हे नुसत्या नजरेने मोजता येतं. वीस मिनिटांत हात टेकणाऱ्या बॅटऱ्या बदलायच्या यादीत टाका. लाइट परत आल्यावर उलट बाजूने बघा: सगळ्या ओळी एकदम उजळल्या आणि एकच करडी राहिली, तर त्या रॅकचा एमसीबी पडलाय किंवा स्विच बूट होताना अडकलाय.

ठरावीक अंतराने येणारे ठिपके, म्हणजे दर तासाला एक गडद चौकोन, हे बहुतेक एखाद्या वेळापत्रकाचं काम असतं. बेशिस्त ठिपके, करडा-फिकट-करडा, म्हणजे लिंक फ्लॅप होतेय, सारखी पडतेय आणि उठतेय. त्यासाठी थेट रॅकपर्यंत जावं लागतं.

घड्याळातला अर्धा तास

माहिती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत, भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे) साठवा, दाखवा भारतीय वेळेत. इथवर सगळे करतात. अडचण साडेपाचमधल्या अर्ध्या तासाची असते. डेटाबेस तासांचे गठ्ठे यूटीसीने बांधतो, त्यामुळे आपल्या घड्याळात तास साडेनऊला सुरू होऊन साडेदहाला संपतो. ‘दहा ते अकरामध्ये किती भार होता’ याचं उत्तर दोन गठ्ठ्यांत फाटतं. दिवसाचा गठ्ठा तर पहाटे साडेपाचला सुरू होतो, म्हणजे मध्यरात्रीनंतरचा बॅकअप आदल्या दिवशीच्या खात्यावर पडतो. तासाऐवजी ३० मिनिटांचे गठ्ठे घ्या, आणि दिवसाची बेरीज करणारं काम यूटीसीच्या १८:३० ला लावा, तीच आपली मध्यरात्र. स्विचच्या नोंदी आणि ग्राफ यांच्यात बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला तर त्या स्विचवर टाइमझोन लावायचा राहिलाय. दोन-तीन मिनिटांचा फरक दिसला तर एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) तपासा.

‘नेहमीचं’ म्हणजे कोणत्या दिवसाचं

७० टक्के वापर वाईट की चांगला हे त्या लिंकच्या सवयीवर ठरतं. म्हणून दुसरा पडदा फरकाचा करा: आत्ताचं मूल्य वजा त्याच वाराला, त्याच वेळी, मागच्या चार आठवड्यांचं मध्यक (चढत्या क्रमातलं मधलं मूल्य). सरासरी नको, कारण एखादा आठवडा सुट्टीचा असला की ती घसरते, मध्यक तग धरून राहतं. क्वेरीत ७, १४, २१ आणि २८ दिवसांचे ऑफसेट लावले की हे जमतं. इथे मात्र दोन्ही बाजूंना जाणारे रंग हवेत. नेहमीपेक्षा जास्त तर नारिंगी, कमी तर निळा, जवळपास तेवढंच तर पांढरं. हा पडदा चांगल्या दिवशी जवळजवळ कोरा दिसतो.

‘कामाचा दिवस’ असा एकच गट सगळ्या ठिकाणांना लावू नका. हिंजवडीची सुट्टी शनिवार-रविवार, तर चाकण-भोसरी पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सोमवार ते शुक्रवार एकत्र करून बेसलाइन (नेहमीची पातळी) काढली की चाकणची लिंक दर गुरुवारी निळी पडते. वाराला वारच जुळवा. अमेरिकेसाठी काम करणाऱ्या टीम असतील तर मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तिथलं घड्याळ एक तास सरकतं, आपलं सरकत नाही. त्या आठवड्यापासून पुढचे दोन-तीन आठवडे संध्याकाळचा पट्टा तासभर बाजूला दिसेल. गणपती विसर्जनाचा दिवस, दिवाळीचा आठवडा आणि मतदानाचा दिवस ग्राफानात ॲनोटेशन म्हणून आधीच टाकून ठेवा.

जवळून बघायच्या दोन जागा

पहिली जागा म्हणजे बंडल केलेल्या लिंक. चार १० गिगाबिटच्या लिंक एलएसीपीने एकत्र बांधल्या की ४० गिगाबिटचा एक ग्राफ मिळतो आणि तो २५ टक्के दाखवतो. प्रत्यक्षात एक सदस्य १०० टक्के भरलेला आणि तीन रिकामे असू शकतात, कारण एका संवादाची सगळी पॅकेटं हॅशनुसार एकाच तारेवरून जातात. दोन सर्व्हरमधला मोठा बॅकअप हे घडवतोच. बंडलच्या ओळीखाली चारही सदस्यांच्या ओळी द्या. चौघांतला फरक सतत मोठा राहत असेल तर हॅशमध्ये आयपीबरोबर पोर्ट क्रमांकही धरायला लावा.

दुसरी जागा म्हणजे फायबरवर येणारा प्रकाश. एसएफपी मॉड्यूल (फायबर लावायचा स्विचमधला छोटा भाग) मिळालेली ताकद डीबीएममध्ये (प्रकाशाच्या ताकदीच्या एककात) सांगतो आणि ती एसएनएमपीने वाचता येते. १० गिगाबिटच्या एलआर (लांब पल्ल्याच्या) मॉड्यूलची ग्रहणक्षमता साधारण -१४.४ डीबीएमपर्यंत असते. लिंक -७ वर चालत असेल तर हाताशी सात डीबी शिल्लक आहे. ३ डीबी कमी झाले की प्रकाश निम्मा होतो. याचा ३० दिवसांचा रेघांचा ग्राफ काढा आणि उभा अक्ष ० ते -२० असा बांधून ठेवा. अक्ष आपोआप जुळू दिला तर ०.२ डीबीची हालचालही डोंगरासारखी दिसते. रेघ आठवड्यागणिक थोडी थोडी उतरत असेल तर कनेक्टरवर धूळ आहे किंवा जोडाच्या डब्यात पाणी शिरतंय. पावसाळ्यात जमिनीखालच्या जोडांवर हे हमखास दिसतं. एका क्षणात ४ डीबी उतरली आणि तिथेच थांबली, तर कुणीतरी रॅकमध्ये काम करताना पॅच कॉर्ड दुमडली आहे. तिला पुन्हा मोठ्या वळणात बसवा, रेघ परत वर येते. थेट तळाला गेली तर फायबर तुटली. -११ वर सूचना लावली तर लिंक पडण्याआधी कनेक्टर साफ करायला किंवा स्प्लायसिंगची टीम बोलवायला वेळ मिळतो. मोजमाप घेताना मात्र फायबर काढून डोळ्यासमोर धरू नका. हा प्रकाश दिसत नाही आणि डोळ्याला इजा करू शकतो.

ठिकाणांमधल्या विलंबालाही असाच बांधलेला अक्ष द्या. फायबरमध्ये प्रकाश किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद घेतो, जाऊन-येऊन १०. म्हणजे पिंगमध्ये १० मिलिसेकंदांची कायमची वाढ झाली तर साधारण १००० किलोमीटर जास्तीची फायबर मध्ये आली. पुणे-मुंबईचा पिंग एकदम पायरी चढून तिथेच थांबला, तर वाहतूक भलत्या शहरावरून वळवली गेली आहे. पायरी न चढता काटेरी झाला असेल तर कुठेतरी रांग भरतेय. कंपनीशी फोनवर बोलताना या दोन चित्रांतला फरक सांगता आला की अर्धा तास वाचतो.

फ्लो आणि नकाशा

लिंक कोण भरतंय हे नेटफ्लो, आयपीफिक्स किंवा एसफ्लो सांगतात. फ्लो म्हणजे दोन यंत्रांमधला एक संवाद. सिस्कोच्या बऱ्याच उपकरणांवर चालू फ्लोची नोंद पाठवायची मूळ मुदत ३० मिनिटं असते. २५ मिनिटं चाललेला बॅकअप मग शेवटच्या मिनिटातला एकच सुळका म्हणून दिसतो. ती मुदत ६० सेकंदांवर आणा. एसफ्लो नमुने घेतं, म्हणून आकडा किती खरा ते नमुन्यांच्या संख्येवरून काढा: १९६ भागिले नमुन्यांचं वर्गमूळ, एवढे टक्के चूक जास्तीत जास्त धरायची. १०० नमुने असतील तर जवळजवळ २० टक्के, १०,००० असतील तर २. छोट्या फ्लोंच्या क्रमवारीवरून कुणाला जाब विचारू नका. चित्र सँकीचं (जाड-बारीक पट्ट्यांनी प्रवाह दाखवणारं) घ्या, पहिले दहा आणि उरलेले सगळे ‘इतर’मध्ये.

आपोआप बनणारा टोपोलॉजीचा (कोण कुणाला जोडलंय याचा) नकाशा ४०० स्विचांचा असेल तर तो केसांच्या गुंत्यासारखा दिसतो, आणि प्रत्येक वेळी उघडला की वेगळा. फक्त कोअर आणि पाच ठिकाणं असा नकाशा हाताने काढा, जागा कायमच्या बांधा, लिंकच्या जाडीने क्षमता आणि रंगाने वापर दाखवा. तो नवीन माणसाला रस्ता समजावायला आणि साहेबांना दाखवायला उत्तम. बिघाड शोधायला पहिला पडदाच घ्या.

भिंतीवरच्या टीव्हीवर फक्त पहिला पडदा आणि उघड्या लाल सूचनांची यादी ठेवा. दर वीस सेकंदांनी डॅशबोर्ड बदलणारी प्लेलिस्ट लावू नका. पट्टा ओळखायला डोळ्याला तेच चित्र त्याच जागी रोज दिसावं लागतं. मागच्या रांगेतून गटांची नावं वाचता येतात का ते खुर्चीत बसून तपासा. कोपऱ्यात शेवटची माहिती कधी आली ती वेळ मोठ्या अक्षरांत दाखवा आणि ती दोन मिनिटांपेक्षा जुनी झाली की तिचा रंग बदलू द्या, कारण गोठलेला पडदा आणि शांत नेटवर्क लांबून सारखेच दिसतात.